चित्रपटाच्या वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांविषयी खुले पत्र

प्रति,
दूरचित्रवाणी संचांचे उत्पादक, चित्रपट प्रसारित करणाऱ्या वाहिन्या आणि स्ट्रीमिंग सेवांचे चालक यांस,

स. न. वि. वि.

काही महिन्यांपूर्वी माझ्या मेव्हण्यांनी ५५ इंची टीव्ही घेतला. पहिल्याच रात्री त्यांनी आपला एक आवडता चित्रपट लावला, तर चित्राच्या वर आणि खाली जाड काळ्या पट्ट्या. एवढा मोठा संच घेऊनही पडद्याचा चौथा हिस्सा काळाच राहतो, त्या अर्थी संचात दोष असला पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी संच बसवून गेलेल्या तंत्रज्ञाला परत बोलावले. त्याने रिमोटवरून ‘झूम’ निवडले, पट्ट्या गेल्या आणि तक्रार मिटली. आठवड्याभराने मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा पडद्यावर दोन पात्रे एका लांब टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर बसून बोलत होती. दोन्ही कडांना एकेक नाक तेवढे दिसत होते. मधले टेबल मात्र संपूर्ण दिसत होते. मेव्हण्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते, कारण पडदा आता भरलेला होता.

त्या तंत्रज्ञाला मी दोष देत नाही. ग्राहकाने पट्ट्या घालवायला सांगितल्या आणि आपण दिलेल्या रिमोटवर त्या घालवण्याचे बटण होते. हे पत्र आपल्याला लिहितो आहे ते अशासाठी, की या पट्ट्या का येतात हे आपल्यातील प्रत्येक अभियंत्याला ठाऊक आहे, आणि तरीही संचाच्या खोक्यावर, माहितीपुस्तिकेत किंवा पडद्यावर ते दोन ओळींत सांगावे असे आपल्यापैकी फारच थोड्यांना वाटलेले दिसते. मी उमेदीची वर्षे चित्रपटगृहाच्या प्रोजेक्शन केबिनमध्ये ऑपरेटर म्हणून काढली आहेत. चित्राच्या चौकटीचा आकार सांभाळणे हे माझे रोजचे काम होते, म्हणून हा विषय माझ्या अधिकाराबाहेरचा नाही, असे मानतो.

आधी साधा हिशेब मांडतो. आजच्या टीव्हीचा पडदा १६:९ या प्रमाणात असतो, म्हणजे उंची १ धरली तर रुंदी १.७८. भव्य पडद्यासाठी काढलेले बहुतेक चित्रपट त्याहून रुंद असतात. ज्याला आम्ही केबिनमध्ये नुसते ‘स्कोप’ म्हणत असू, त्याचे प्रमाण आज २.३९ आहे. ५५ इंची संचाचा पडदा साधारण ४८ इंच रुंद आणि २७ इंच उंच असतो. त्याच्या पूर्ण रुंदीत स्कोप चित्र बसवले, की त्याला २० इंच उंची पुरते आणि उरलेले ७ इंच वर-खाली विभागून रिकामे राहतात. १०८० ओळींच्या पडद्यावर हेच चित्र सुमारे ८०३ ओळींत मावते. उरलेल्या ओळींसाठी चित्रपटात चित्रच काढलेले नसते, मग तिथे काळ्या रंगाखेरीज काय दाखवणार? १.८५ प्रमाणाचा चित्रपट लावला तर वर-खाली जेमतेम २१ ओळींची रेघ उरते आणि ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. म्हणून एकाच संचावर एका चित्रपटात पट्ट्या जाड, दुसऱ्यात बारीक आणि तिसऱ्यात मुळीच नाहीत, असे घडते. त्यावरून लोक संच बिघडल्याचा निष्कर्ष काढतात, आणि कोणी काही सांगितलेलेच नसल्यामुळे तो काढणे अगदी स्वाभाविक आहे.

सगळे चित्रपट एकाच आकाराचे का नाहीत, हा पुढचा प्रश्न. सुरुवातीला ते होते. १८९०च्या दशकाच्या आरंभी एडिसन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म आणि तिच्यावर कडेच्या चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, तेव्हा ४:३ हा आकार आला आणि मूकपटांचे सगळे युग त्यातच गेले. बोलपट आल्यावर ध्वनीची पट्टी फिल्मच्या कडेला बसवावी लागली, चौकट थोडी आक्रसली, आणि १९३२ मध्ये १.३७ हे प्रमाण ठरले. पाहणाऱ्याला हा फरक जाणवण्यासारखा नव्हता. दूरचित्रवाणी आली तिने हाच जवळपास चौरस आकार उचलला. त्या काळी चित्रपट टीव्हीवर दाखवला तर पट्ट्यांचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

मग टीव्हीमुळेच तो उद्भवला. १९५०च्या आसपास अमेरिकेत प्रेक्षक घरी बसून चित्रे पाहू लागले आणि चित्रपटगृहे ओस पडू लागली, तेव्हा घरच्या पेटीत मावणार नाही असे काहीतरी दाखवणे निर्मात्यांना भाग पडले. सप्टेंबर १९५२ मध्ये तीन प्रोजेक्टरांनी एका वक्र पडद्यावर चित्र टाकणारे सिनेरामा आले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९५३ मध्ये, ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आले. फ्रान्सच्या आँरी क्रेतियाँ यांनी १९२०च्या दशकात तयार केलेल्या लेन्सवर ते आधारलेले होते: चित्रण करताना लेन्सने दृश्य आडवे निम्मे दाबून साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर उतरवायचे आणि दाखवताना दुसऱ्या लेन्सने ते तेवढेच पसरायचे. प्रमाण आधी २.५५ होते, फिल्मवर प्रकाशीय ध्वनिपट्टी घेतल्यावर ते २.३५ झाले, आणि १९७०च्या सुमारास चौकटीची उंची किंचित कमी करून आजचे २.३९ ठरले. हा शेवटचा बदल फिल्मचे सांधे पडद्यावर चमकू नयेत म्हणून होता, हे वाचताना कोणताही जुना ऑपरेटर हसेल, कारण त्या सांध्यांनी आम्हाला फार छळले आहे. ज्या कंपन्यांना सिनेमास्कोप नको होते त्यांनी साध्या चित्राचाच वरचा-खालचा भाग झाकून रुंद चित्र मिळवले. त्यातून युरोपात १.६६ आणि अमेरिकेत १.८५ ही प्रमाणे रूढ झाली. ७० मिलिमीटर फिल्मचे २.२० होतेच, आणि १९५९च्या ‘बेन-हर’सारख्या मोजक्या चित्रपटांनी तर २.७६ पर्यंत मजल मारली.

मूळ मुद्दा मात्र केबिनच्या काचेतूनच नीट दिसतो. लोक म्हणतात, की चित्रपटगृहात कुठे असतात काळ्या पट्ट्या? तिथेही त्या असतात, फक्त त्या कापडाच्या असतात. चांगल्या चित्रपटगृहात पडद्याच्या चारही बाजूंना काळे मखमली मास्किंग लावलेले असते आणि ते चित्राच्या आकाराप्रमाणे सरकते. खेळाच्या आधी आम्ही फिल्म पाहत असू. फ्लॅट, म्हणजे न दाबलेले साधे चित्र, असेल तर एक लेन्स आणि तिची अ‍ॅपर्चर प्लेट, म्हणजे चौकटीचा आकार ठरवणारी पत्र्याची खिडकी, स्कोप असेल तर दुसरी लेन्स आणि दुसरी प्लेट, आणि मग बटण दाबून मास्किंग बाजूला घ्यायचे किंवा आत आणायचे. स्कोप फिल्मवर चुकून फ्लॅट लेन्स राहिली तर नायक-नायिका बांबूसारखी उंच आणि किडकिडीत दिसत आणि पाच सेकंदांत शिट्ट्यांनी चित्रपटगृह दणाणून जाई. एखाद्याने मास्किंग सरकवायचे विसरून चित्राची कड कापडावर पडू दिली, तरी पहिल्या रांगेतून आवाज उठे. आपल्या काळ्या पट्ट्या म्हणजे हेच मखमली मास्किंग आहे. चित्रपटगृहात ते अंधारात मिसळून जाते म्हणून दिसत नाही, आणि घरात चकचकीत काचेवर, दिवा चालू असताना, चारी बाजूंच्या चौकटीसकट दिसते म्हणून खुपते.

आणखी एक गोष्ट खुपते आणि ती प्रेक्षकाच्या बाजूने प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. चांगल्या चित्रपटगृहात फ्लॅट आणि स्कोप यांची उंची सारखीच असे. स्कोप सुरू झाला, की दोन्ही बाजूंचे मास्किंग सरसर मागे हटे आणि पडदा रुंद होत जाई. त्या क्षणी प्रेक्षागृहात जी हलकीशी सळसळ होत असे, ती मी केबिनमधून कितीतरी वेळा ऐकली आहे. टीव्हीवर याच्या नेमके उलटे होते. तिथे रुंदी पक्की असल्यामुळे जो चित्रपट सर्वांत भव्य दिसावा म्हणून काढला, त्यालाच सर्वांत बुटके व्हावे लागते, आणि दैनंदिन मालिका मात्र पडदाभर पसरते. ५५ इंची संचावर स्कोप चित्राचा कर्ण सुमारे ५२ इंच भरतो. तीन इंचांचा हा तोटा फार मोठा नाही, पण उंचीचा चौथा हिस्सा गेलेला डोळ्यांना आधी दिसतो. तेव्हा प्रेक्षकाची तक्रार खोटी आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावर आपण दिलेला उपाय चुकीचा आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

मग टीव्हीच अधिक रुंद का केला नाही, असेही कोणी विचारील. १६:९ हे प्रमाण आकाशातून पडलेले नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संस्थेच्या कार्यगटाचे सदस्य कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत कापून एकमेकांवर मध्यबिंदू जुळवून ठेवले. त्या सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत आणि त्या सर्वांत समाईक असलेला आतला आयत, या दोहोंचे प्रमाण १.७७च्या आसपास निघाले. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, ४:३चे जुने चित्र आणि २.३५चे रुंद चित्र यांपैकी कोणावरही फार अन्याय होऊ नये असा हा मध्यम मार्ग होता. जुन्या चित्राला डावी-उजवीकडे पट्ट्या येणार आणि रुंद चित्राला वर-खाली येणार, हे तेव्हाच मान्य केलेले होते. २००९ मध्ये फिलिप्सने २१:९चा संच बाजारात आणून पाहिला. त्यावर स्कोप चित्रपट पडदाभर दिसे, पण बातम्या, सामने आणि मालिका यांच्या दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या येत. तो प्रकार काही वर्षांतच मागे पडला. पट्ट्या नकोतच असा हट्ट धरला, तर दर चित्रपटाला नवा टीव्ही लागेल.

हे सारे आपल्याला माहीत असताना आपण ग्राहकाच्या हातात काय दिले? ‘फुल’, ‘वाइड’, ‘झूम’, ‘सिनेमा’ अशी नावे असलेली बटणे. या नावांवरून कोणालाही वाटेल, की ‘फुल’ म्हणजे पूर्ण आणि बाकीचे म्हणजे अपूर्ण. प्रत्यक्षात स्कोप चित्र झूम करून १६:९ पडदा भरला, की त्याच्या रुंदीचा चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग दोन्ही कडांना मिळून कापला जातो. जुन्या ४:३ संचांच्या काळात तर रुंदीचा ४४ टक्के भाग जात असे, आणि चौकटीच्या दोन टोकांना असलेल्या पात्रांपैकी कोणाला दाखवायचे हे ठरवायला एक माणूस बसवून, चित्राची खिडकी त्याच्या मर्जीने इकडून तिकडे सरकवली जाई. दिग्दर्शकाने जिथे कॅमेरा स्थिर ठेवला तिथे प्रेक्षकाला तो फिरलेला दिसे. निदान तिथे कोणीतरी माणूस बसून निवड करत होता. झूमचे बटण एवढीही तसदी घेत नाही, ते सरळ मधला तुकडा ठेवते.

येथे एक अपवाद सांगितला नाही तर माझेच जुने सहकारी मला पकडतील. फ्लॅट पद्धतीच्या अनेक चित्रपटांत फिल्मवर दिसते त्याहून अधिक चित्र असते आणि प्रोजेक्टरची प्लेट वरचा-खालचा भाग झाकते. अशा चित्रपटाची न झाकलेली आवृत्ती टीव्हीवर दाखवली, तर पडदा भरतो आणि बाजूंचे काही कापलेही जात नाही. परंतु वरचा जो भाग प्रेक्षकाने पाहावा असे छायालेखकाने कधी योजलेच नव्हते, तो दाखवून काय मिळते? माझ्या हातून फ्रेमिंग सरकले, की पात्राच्या डोक्यावर लोंबणारा माईक पडद्यावर दिसे आणि गंभीर प्रसंगात हशा पिके. न झाकलेल्या आवृत्तीत हा धोका कायमचाच असतो.

जुन्या ४:३ चित्रपटांचे हाल निराळे आहेत. ५५ इंची संचावर त्यांचे चित्र सुमारे ४५ इंच कर्णाचे दिसते आणि दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या उरतात. त्या घालवण्यासाठी चित्र आडवे ताणले जाते आणि सडपातळ नायिका अंगाने भरते. काही संचांत याहून चतुर सोय आहे: मधला भाग जवळपास तसाच ठेवून फक्त कडा ताणायच्या. कॅमेरा एका बाजूकडून दुसरीकडे वळला, की त्यात खांब कडेला जाडजूड, मध्यभागी बारीक आणि पुन्हा जाड होत जातो. वाहिन्यांनी यात आपली भर घातली आहे. वर-खाली पट्ट्या असलेली ४:३ची जुनी प्रत तशीच १६:९च्या चौकटीत ठेवून प्रसारित केली, की चारही बाजूंना काळी चौकट येते आणि स्कोप चित्रपट पडद्याच्या जेमतेम ४२ टक्के क्षेत्रावर, मोठ्या पाकिटावर चिकटवलेल्या टपाल तिकिटासारखा दिसतो. अशा वेळी प्रेक्षकाने झूम दाबले तर त्याला कोण दोष देईल?

आता उत्पादकांना काही विनंत्या. झूमचे बटण काढून टाका असे मी म्हणणार नाही. वर सांगितलेल्या तिकिटासाठी ते लागते, आणि ज्याला खरोखरच कडा गमावून पडदा भरायचा आहे त्याचा संच त्याच्या मालकीचा आहे. पण त्या बटणाला त्याचे खरे नाव द्या. ‘झूम’ऐवजी ‘कडा कापून’, ‘वाइड’ऐवजी ‘ताणून’ आणि मूळ आकाराला ‘जसे आहे तसे’, इतके पुरेसे आहे. कारखान्यातून निघताना संच मूळ आकारावरच असावा, आणि जुन्या नळीच्या संचांच्या काळातील चित्राच्या कडा काही टक्के पडद्याबाहेर ढकलण्याची रीत, जी आजही अनेक संचांत चालू स्थितीत येते, ती बंद असावी. २०१९ मध्ये यूएचडी अलायन्स या संच-उत्पादक आणि स्टुडिओंच्या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला, ज्यात चित्राचे मूळ प्रमाण राखले जाते आणि हालचाली नको तितक्या गुळगुळीत करणारी प्रक्रियाही बंद होते. चांगली गोष्ट झाली. पण ती मेनूच्या चौथ्या पायरीवर पुरून ठेवली तर मेव्हण्यांसारख्या माणसाला ती सापडणार कशी? आणि एक कबुलीही हवी: अनेक एलसीडी संचांत मागचा दिवा झिरपतो, त्यामुळे काळ्या पट्ट्या काळ्या न राहता राखाडी उजळतात. पट्ट्यांवरचा निम्मा राग खरे तर या राखाडीपणावर आहे. आमच्या मखमलीवर धूळ बसली, की ती अशीच दिसे आणि मालक आम्हाला ती झाडायला लावत.

वाहिन्यांनी चित्रपट मूळ प्रमाणात दाखवावा, आणि काही कारणाने कापून दाखवायचाच असेल तर सुरुवातीला तशी स्पष्ट पाटी द्यावी. चित्राचा खरा भाग कोणता हे संचाला कळवणारी सांकेतिक माहिती प्रसारणासोबत पाठवण्याची सोय डिजिटल पद्धतीत आहेच. ती नीट भरली तर निम्मे घोळ आपोआप टळतील. स्ट्रीमिंग सेवांना यापैकी कोणतीच अडचण नाही. चित्रपटाची लांबी, वर्ष, भाषा आणि ध्वनीचा प्रकार आपण लिहिताच, त्याच ओळीत चित्राचे प्रमाण लिहायला चार अक्षरांची जागा लागेल. काही चित्रपटांत आयमॅक्स या अधिक उंच चौकटीच्या पद्धतीने घेतलेली दृश्ये आली, की पट्ट्या मध्येच नाहीशा होतात आणि नंतर परत येतात. तिथे तर आधी सांगणे अधिकच गरजेचे आहे, कारण तो प्रकार पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास रिमोट शोधू लागतो.

संच पहिल्यांदा सुरू होताना आपण भाषा विचारता, इंटरनेट जोडायला सांगता आणि बऱ्याच अटी मान्य करून घेता. त्या ओळीत आणखी एक पडदा दाखवावा, अशी माझी मुख्य मागणी आहे, आणि त्यासाठी मसुदा मीच देतो: ‘काही चित्रपट या पडद्यापेक्षा अधिक रुंद किंवा अधिक चौकोनी काढलेले असतात. ते पूर्ण दिसावेत म्हणून उरलेल्या जागेत काळ्या पट्ट्या येतात. हा संचातील बिघाड नाही.’ मेव्हण्यांच्या संचावर मी मूळ आकार लावून दिला आणि खोलीतला दिवा मालवून टेबलाचे तेच दृश्य पुन्हा दाखवले. त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि विचारले, की डावीकडच्या माणसाच्या मागे उभी असलेली ती बाई कोण? गेल्या वेळी ती त्यांना दिसलीच नव्हती.

कळावे,

आपला,
एक निवृत्त प्रोजेक्शन ऑपरेटर